कचेरी सुटल्यानंतर
(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवातील व्याख्यान)



टॉमस बरो आणि मरी एमेनो या दोन पंडितांनी सिद्ध केलेला द्राविडी भाषांचा व्युत्पत्तिकोश १९६१ साली ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झाला आणि १९८४ साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना हा कोश आजही हाताशी लागतो. त्यात गोंडी आणि कोलामी या भाषांतले शब्द जेथे येतात, तेथे पुष्कळदा ‘एस. आर.’ अशी दोन अक्षरे छापलेली आढळतात. शब्द कोणाच्या संग्रहातून घेतला, हे सांगणारी ती खूण आहे. ज्यांच्या संग्रहावर कोशकारांनी असा भरवसा ठेवला, त्यांत बहुतेक विद्यापीठांतले अध्यापक किंवा मिशनरी होते. ‘एस. आर.’ हे गृहस्थ मात्र हैदराबाद संस्थानच्या मुलकी नोकरीतले अंमलदार होते. ‘सेतुमाधव राव’ या नावाची ती आद्याक्षरे. महाराष्ट्र त्यांना सेतुमाधवराव पगडी या नावाने ओळखतो.

पगडींचा जन्म २७ ऑगस्ट १९१० रोजी निलंग्याचा. हयातीची उमेदीची वर्षे त्यांनी सरकारी नोकरीत घालवली. चाळीसच्या दशकात आदिलाबाद जिल्ह्याच्या रानटापूंत त्यांचा गोंड आणि कोलाम या जमातींशी संबंध आला. त्या सहवासातून तीन इंग्रजी पुस्तके निर्माण झाली : आदिलाबादच्या गोंडांविषयीचे एक, कोलामी भाषेचे व्याकरण आणि गोंडी भाषेचे व्याकरण. कोलामीचे व्याकरण १९५० साली छापले गेले, गोंडीचे १९५४ साली. एमेनो यांचा कोलामीवरचा सुप्रसिद्ध ग्रंथ १९५५ चा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या अंमलदाराच्या कामाचे मोल कळते. पुढे १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, हैदराबाद संस्थानाचे राज्य विभागले गेले आणि पगडी मुंबई राज्यात आले. गॅझेटियरचे संपादन, मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधने मराठीत आणण्याचा प्रचंड खटाटोप, उर्दू कवितेचा मराठी वाचकाला घडवलेला परिचय, ‘जीवनसेतू’ हे आत्मचरित्र, १९९२ चे पद्मभूषण, हे सारे सर्वश्रुत आहे. १४ ऑक्टोबर १९९४ रोजी ते निवर्तले.

नोकरी करून मनुष्य एवढे कसे करू शकतो? हा प्रश्न पगडींच्या ग्रंथांची यादी पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात उभा राहतो आणि त्याचे उत्तर बहुधा ‘अफाट बुद्धिमत्ता’ असे देऊन विषय संपवला जातो. बुद्धिमत्ता होतीच. परंतु त्या काळच्या मुलकी नोकरीत बुद्धिमान माणसांची वाण नव्हती. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बुद्धीचा पुरावा आज जुन्या मिसलींच्या गठ्ठ्यांत कसर खात पडला आहे. म्हणून बुद्धीपेक्षा वेळेचा विचार करणे अधिक फलदायी ठरेल. नित्याच्या कामातून निर्मितीसाठी वेळ कोठून येतो, तो कोणाला मिळतो, कोणाला मिळत नाही आणि तो मिळवून देणे हे कोणाचे काम आहे, असा हा विचार आहे. आदिलाबाद जिल्हा त्यासाठी सोयीचा आहे, कारण वेळ मिळवण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा या एकाच भूमीत, थोड्याथोडक्या वर्षांच्या अंतराने, एकमेकींशेजारी पाहावयास मिळतात.

पहिली तऱ्हा पगडींची. मुलकी अंमलदाराचे काम म्हणजे कचेरी आणि दौरा. कचेरीत जमाबंदी, तक्रारी, तपास, अहवाल. दौऱ्यात गावोगावचे मुक्काम. आदिलाबादसारख्या जिल्ह्यात दौरा म्हणजे पावसाळ्यात तुटणाऱ्या वाटा, सागवानाची राने आणि लांबलांबची पाडी. अशा मुक्कामी कामकाज आटोपले की संध्याकाळ मोकळी पडते. ही मोकळी संध्याकाळ प्रत्येक अंमलदाराला मिळत असे. कोणी ती पत्ते खेळण्यात घालवी, कोणी शिकारीत, कोणी बदलीची खटपट करण्यात. त्या संध्याकाळी चावडीपुढे बसलेल्या माणसांची भाषा ऐकणे, क्रियापदाची रूपे विचारून घेणे, ती टिपणे, दुसऱ्या गावी ती पडताळून पाहणे, हाही एक पर्याय होता. तीन पुस्तके ज्या टिपणांतून उभी राहिली, ती टिपणे कचेरीच्या टेबलावर होण्यासारखी नव्हती.

येथे एक बारकावा लक्षात घेतला पाहिजे. रयतेची भाषा येणे हा अंमलदारीचाच भाग आहे. गोंडाची फिर्याद दुभाष्याच्या तोंडून ऐकणे आणि गोंडाच्याच तोंडून ऐकणे यांत न्याय आणि अन्याय यांच्याइतके अंतर पडू शकते. त्यामुळे गोंडी बोलता येईपर्यंतचे श्रम नोकरीच्या खात्यावर मांडता येतील. परंतु भाषा बोलता आल्यानंतर तिचे व्याकरण लिहिण्याची नोकरीला गरज नव्हती. कोणत्याही वरिष्ठाने ते मागितले नव्हते आणि त्यावाचून कोणताही अहवाल अडला नसता. जेथे कामाची गरज संपते तेथून पुढे टाकलेले पाऊल निर्मितीचे असते. ते टाकण्यासाठी काम सोडून दूर जावे लागतेच असे नाही. मात्र कामाने आखलेल्या सीमेवर थांबून पलीकडे पाहण्याइतकी उसंत लागते. पगडींनी ती उसंत दौऱ्याच्या वाटेवर शोधली.

मराठीत या तऱ्हेची परंपरा जुनी आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी शिक्षकाचा पेशा सांभाळून ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ लिहिला. तो १८९६ साली प्रसिद्ध झाला आणि पुढच्या दोनच वर्षांत, पंचेचाळिशीच्या आत, दीक्षित गेले. मराठीबाहेर पाहिले तर मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये १९१२ साली कारकुनी पत्करणारे रामानुजन आहेत, आणि बर्नच्या पेटंट कचेरीत इतरांच्या यंत्रांचे नकाशे तपासता तपासता १९०५ सालचे शोधनिबंध लिहिणारे आइन्स्टाइन आहेत. ही नावे उत्साहवर्धक आहेत खरी. पण त्यांच्यात एक धोकाही आहे. त्यांच्याकडे बोट दाखवून ‘ज्याला करायचे तो वेळ काढतोच’ असे म्हणणे सोपे जाते. ज्यांनी वेळ काढला त्यांची नावे उरतात. ज्यांना तो काढता आला नाही त्यांची यादी कोठेच होत नाही, म्हणून ते नव्हतेच असे वाटू लागते. शिवाय स्वतःच्या झोपेतून आणि प्रकृतीतून वेळ कापून काढणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते.

दुसरी तऱ्हा याच जिल्ह्यात, थोड्या आधीच्या वर्षांत घडली. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ हे ऑस्ट्रियात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ. दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा ते हिंदुस्थानात होते आणि त्यांच्यापाशी जर्मन पारपत्र होते. इंग्रज सरकारच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहण्याची मुभा मिळाली आणि ते त्या हद्दीत अडकले. एखाद्याने या सक्तीच्या मुक्कामात युद्ध संपण्याची वाट पाहत दिवस मोजले असते. हायमेंडॉर्फ यांनी पत्नी बेटी यांच्यासह आधी चेंचू, मग कोंडारेड्डी आणि त्यानंतर आदिलाबादचे राजगोंड यांच्यात वस्ती केली. मारलवाई या लहानशा गोंड गावी ते राहू लागले. १९४० साली जोडेघाटला कुमराम भीम आणि त्यांचे साथीदार गोळीबारात मारले गेले होते. जंगल आणि जमीन यांच्यासाठी गोंडांनी केलेल्या त्या उठावाची राख अजून गरम होती. अशा वेळी तेथे राहून केलेल्या अभ्यासातून ‘आदिलाबादचे राजगोंड’ हा त्यांचा ग्रंथ तयार झाला व १९४८ साली प्रकाशित झाला.

हा वेळ काढलेला नव्हता, लादलेला होता. तो लाभला तो राजकारणाच्या अपघाताने. पण त्याचे फळ ग्रंथापुरते राहिले नाही. १९४३ साली मारलवाईला गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र सुरू झाले. मुलांना त्यांच्या भाषेत वाचायला मिळावे म्हणून गोंडीची वाचनपुस्तके करण्यात आली आणि त्यांसाठी नागरी लिपी निवडली गेली. त्या भागातल्या ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती, ती मराठीची होती. दरबारची भाषा उर्दू, जिल्ह्यातील बहुसंख्यांची तेलुगू, आणि गोंड मुलाच्या हाती पडलेले पहिले पुस्तक मात्र ज्ञानेश्वरी ज्या लिपीत वाचली जाते त्या लिपीतले, असा तो योग होता. बेटी हायमेंडॉर्फ १९८७ साली निवर्तल्या. मारलवाईत त्यांची समाधी आहे, आणि पुढे पतीच्याही अस्थी त्यांच्याशेजारी ठेवण्यात आल्या. अपघाताने मिळालेल्या मोकळ्या वेळाचे एका गावाशी असे आयुष्यभराचे नाते जडले.

तिसरी तऱ्हा या दोघांहून फार जुनी आहे आणि ती गोंडांची स्वतःची आहे. आश्विनाची पौर्णिमा झाली, पावसाळा सरला, शेतातली कामे थोडी हलकी झाली की गोंडांच्या गावांत दंडारी सुरू होते आणि दिवाळीपर्यंत चालते. मोरपिसांचे भलेथोरले मुकुट, अंगाला राख, खांद्यावर कातडे अशा वेषातले गुसाडी आणि त्यांच्याबरोबरचे नाचणारे तरुण एका गावाहून दुसऱ्या गावी जातात. यजमान गाव त्यांना उतरवून घेते, जेवू घालते. रात्र नाचात, गाण्यात आणि सोंगांत जाते. या भेटीगाठींत सोयरिकी जुळतात, रुसवे मिटतात. हे सारे हौसेवर सोडलेले नाही. गुसाडीने पाळावयाचे नियम आहेत आणि शेवटी ‘कोलाबोडी’चा विधी होऊन मुकुट उतरतात. या दिवसांत नाचणाऱ्याला ‘कामधंदा सोडून हे काय चालले आहे?’ असे कोणी विचारत नाही. कारण ते दिवस कामाचे नाहीतच, असे सर्वांनी मिळून ठरवून ठेवले आहे.

मारलवाईच्याच कनका राजू यांना गुसाडी नृत्याच्या जतनासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली; २०२४ साली ते गेले. त्यांचे कौतुक करताना हे विसरता कामा नये की त्यांची कला ज्या वेळेत वाढली तो वेळ त्यांनी एकट्याने निर्माण केला नव्हता. पिढ्यान् पिढ्या गावांनी तो पंचांगात राखून ठेवला होता. पौष अमावास्येला केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते, तिच्यासाठी मेश्राम कुळातले पुरुष गोदावरीचे पाणी आणायला पायी जातात आणि कित्येक दिवस घराबाहेर असतात. हाही राखीव वेळच होय. वारकऱ्याला आषाढीची वारी माहीत आहे. त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. पेरण्यांची घाई असतानाही माणसे पंढरीची वाट धरतात आणि गाव त्यांना अडवत नाही.

गोंड समाजाने वेळेबरोबर माणसेही राखून ठेवली आहेत. परधान हे गोंडांचे वंशपरंपरागत गायक. गोंड कुळांच्या उत्पत्तीच्या आणि पूर्वजांच्या लांबच लांब कथा ते किंगरीवर गातात. प्रत्येक परधान घराण्याचे ठरलेले यजमान असतात आणि सण-समारंभांत यजमानाने त्याला धान्य, वस्त्र, जनावर द्यावे अशी रीत आहे. म्हणजे कथा ध्यानात ठेवणे हे एका माणसाचे काम मानून समाजाने त्याच्या पोटाची सोय लावून दिली. मराठी श्रोत्याने आवर्जून लक्षात ठेवावी अशी गोष्ट ही की आदिलाबादच्या परधानांच्या घरांत मराठी बोलली जाते. घरात मराठी आणि किंगरी हाती घेतली की गोंडी, असे हे द्वैभाषिक कवी आहेत. मराठी वाङ्मयाच्या कोणत्याही इतिहासात त्यांना ओळभर जागा मिळालेली नाही. याच जिल्ह्यातील गुंजाळा गावी परधानांच्या घरांत गोंडीच्या एका स्वतंत्र लिपीतली हस्तलिखिते सापडली. २०१८ साली ‘गुंजाळा गोंडी’ या नावाने त्या लिपीला संगणकाच्या जागतिक वर्णसंचात, म्हणजे युनिकोडमध्ये, स्थान मिळाले. ती हस्तलिखिते कोणी तरी बसून लिहिली होती. लिहिणाऱ्याला तेवढे निवांतपण लाभले होते आणि ते कोणाच्या तरी धान्यातून लाभले होते.

हे आदिवासींचे रीतिरिवाज आहेत, आजच्या काळाशी त्यांचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु व्यवहारात मुरलेल्या अमेरिकन कारखानदारांनाही शेवटी याच निष्कर्षावर यावे लागले. थ्रीएम नावाच्या कंपनीने आपल्या तंत्रज्ञांना कामाचा पंधरा टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांसाठी वापरण्याची मुभा ठेवली. तिच्या प्रयोगशाळेत १९६८ साली स्पेन्सर सिल्व्हर यांच्या हाती एक असा डिंक आला जो धड चिकटत नव्हता. कामाच्या हिशेबाने ते अपयश होते. काही वर्षांनी आर्ट फ्राय या त्यांच्या सहकाऱ्याला प्रार्थनेच्या पुस्तकातील खुणेचे कागद सारखे गळून पडतात यावर हा डिंक उपयोगी पडेल असे सुचले, आणि १९८० पासून चिकटून सहज निघणाऱ्या त्या पिवळ्या चिठ्ठ्या विकल्या जाऊ लागल्या. कारखान्याला नफा कळतो, म्हणून त्याने रिकाम्या वेळेची किंमत ओळखली. दंडारीला नफ्याची भाषा येत नाही. तरीही दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच आहे. निर्मितीचा वेळ एकट्याच्या निग्रहावर सोडला की तो क्वचित एखाद्यालाच साधतो. संस्थेने किंवा समाजाने तो राखून ठेवला की सामान्य माणसालाही साधतो.

आता चौथी गोष्ट, आणि ती तऱ्हा म्हणावी की तऱ्हेचा अभाव, हा प्रश्नच आहे. ज्यांना दौऱ्यावरची मोकळी संध्याकाळ नाही, युद्धाने दिलेली सक्तीची सुटी नाही आणि सणाच्या दिवशी तर ज्यांचे काम दुप्पट होते, अशा माणसांचे काय? दंडारीच्या रात्री गाव नाचते तेव्हा पाहुण्यांचा स्वयंपाक कोणी तरी रांधतच असते. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) यांच्यापाशी राखीव असा एक तासही नव्हता. अक्षरओळख नव्हती, कागद नव्हता. जाते, चूल आणि शेत यांच्या कामातच त्यांची गाणी झाली आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकरूपाने लोकांसमोर आली. त्यांच्या उदाहरणावरून ‘प्रतिभेला वेळ लागत नाही’ असे अनुमान काढणाऱ्यांची मराठीत कमतरता नाही. हे अनुमान निष्ठुर आहे. जात्यावर बसणाऱ्या लक्षावधी बायकांपैकी एकीची गाणी उतरून घेणारा मुलगा आणि ती छापण्याचा आग्रह धरणारा साहित्यिक भेटला. बाकीच्यांच्या ओव्या पिठाबरोबर गेल्या. बहिणाबाईंना वेळ मिळाला असता तर त्यांनी काय केले असते, हा प्रश्न विचारणे अधिक न्यायाचे होईल.

या चारही गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या की ग्रंथालय म्हणजे काय याचा नवा अर्थ लागू लागतो. ग्रंथालय पुस्तके ठेवते हे खरे. परंतु पुस्तके घरीही ठेवता येतात. ग्रंथालय वेळ राखून ठेवते. वाचनालयाच्या दालनात पाऊल टाकलेल्या माणसाला तेथे बसण्याचे कारण द्यावे लागत नाही. दुकानात रिकामे बसलेल्याला गिऱ्हाईक नाही असे समजतात, घरात बसलेल्याला काम सांगतात, कचेरीत बसलेल्यावर संशय घेतात. ग्रंथालयात तासभर खिडकीबाहेर पाहत बसलेल्या माणसाला कोणी उठवत नाही. गावाने नाचासाठी दिवाळीपूर्वीचे दिवस राखावेत, तसे शंभर वर्षांपूर्वीच्या काही माणसांनी रोजची संध्याकाळ राखून ठेवली.

त्यांनी ती कोणत्या परिस्थितीत राखली हेही स्मरणीय आहे. निजामी अमलात शिक्षणाचे आणि दरबारचे माध्यम उर्दू होते. उस्मानिया विद्यापीठही १९१८ साली उर्दू माध्यमातच सुरू झाले. परवानगीवाचून सभा भरवण्यास मज्जाव करणारी ‘गश्ती निशाण ५३’ कुप्रसिद्ध आहे. अशा राज्यात मराठी माणसाला आपल्या भाषेत चार शब्द वाचावेत, बोलावेत यासाठी जी थोडी निर्वेध जागा उरली होती ती वाचनालयाची. १९२२ साली हैदराबादेत मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले ते याच काळात. मराठी वाचनालये चालवणारी ही माणसे शिक्षक, वकील, कारकून, दुकानदार अशी, म्हणजे दिवसभर दुसऱ्या भाषेत काम करणारी होती. संध्याकाळी ती आपल्या भाषेत परतत. पगडींसारखा माणूस उर्दू, फारसी, इंग्रजी, तेलुगू, गोंडी अशा भाषांतून फिरून पुन्हा मराठीत लिहितो, त्यामागे अशा वातावरणाचा वाटा असणारच. त्यांचे समग्र साहित्य प्रकाशित करण्याचे काम पुढे हैदराबादच्या मराठी साहित्य परिषदेने अंगावर घेतले, हे औचित्याला धरूनच झाले.

सीमाभागात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. १९५६ साली राजुरा आणि किनवट हे भाग आदिलाबादपासून निघून महाराष्ट्राच्या बाजूला गेले, तर नांदेडकडचा मुधोळ भाग आदिलाबादला जोडला गेला. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर मराठी बोलणारी गावे राहिली. रेघ मात्र मधून गेली. २०१४ साली तेलंगण राज्य झाले आणि २०१६ साली जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले : आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमराम भीम आसिफाबाद. या भागातला मराठी मुलगा शाळेत आणि कचेरीत तेलुगू वापरतो, पोटासाठी इंग्रजीकडे धावतो, आणि त्यात वावगे काही नाही. जी भाषा पोटाला लागते तिला वेळ आपोआप मिळतो. जी लागत नाही तिला वेळ द्यावा लागतो. सीमेवरच्या मराठीचे भवितव्य या दिलेल्या वेळेवर अवलंबून आहे. तो घटत गेला तर भाषेचा अंत कोणाच्या जुलमाने होणार नाही, सवडीअभावी होईल, आणि त्यासाठी कोणावर फिर्यादही करता येणार नाही.

दंडारीपुढेही असेच संकट आहे. जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत कापूस पसरला आहे. कापसाची पहिली वेचणी येते ती दसरा-दिवाळीच्या सुमारास. वेचणीला मजूर हवेत, वेचलेला माल घरात साठवायला जागा हवी, बाजारभाव पडण्याआधी तो विकायला हवा आणि सावकाराचे किंवा बँकेचे देणे दारात उभे आहे. ज्वारीच्या शेतीत जे दिवस सैल होते ते कापसाच्या शेतीत ताणले गेले. पंचांगात दंडारी आजही त्याच जागी आहे. हाताला मात्र त्याच दिवशी दोन कामे आहेत. परंपरेचे प्रेम आटले म्हणून सण आक्रसतात असे शहरात बसून म्हणणे सोपे आहे. पीक बदलले की वेळापत्रक बदलते आणि वेळापत्रक बदलले की गाणे अडचणीत येते, हे कारण अधिक खरे आहे.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने ग्रंथालयापुढे ठेवण्यासारख्या काही सूचना आहेत. त्या खर्चाच्या फारशा नाहीत. पहिली ही की वाचनदालनाच्या वेळा सभासदांच्या कामाच्या वेळा पाहून ठरवाव्यात. कचेरी, शाळा आणि बाजार चालू असतानाच उघडे राहणारे ग्रंथालय निवृत्तांच्या उपयोगाचे असते. काम करणाऱ्याला ते सकाळी लवकर किंवा रात्री हवे असते. दुसरी ही की आठवड्यातील निदान एक दुपार केवळ स्त्रियांसाठी ठेवावी आणि लहान मुलांना सांभाळण्याची तेथेच काही व्यवस्था करावी. कारण घरातल्या बाईला पुस्तकाहून आधी सुटका हवी असते. तिसरी ही की दालनात एक टेबल लिहिणाऱ्यांसाठी राखावे. शिक्षक, तलाठी, परिचारिका, दुकानदार अशा कोणा एकाने वर्षभरासाठी एखादे काम हाती घ्यावे आणि ते टेबल त्याचे असावे. काम लहान असले तरी चालेल : एखाद्या गावच्या मराठी बोलीतले शब्द, एखाद्या परधानाच्या तोंडची एक कथा, कापसाच्या व्यवहारातली परिभाषा, एखाद्या बंद पडलेल्या मराठी शाळेची हकीकत.

आश्रयदात्यांसाठी एक सूचना वेगळी आहे. आजवर देणग्या इमारतीला, कपाटांना आणि ग्रंथखरेदीला मिळाल्या. त्या यापुढेही मिळाव्यात. परंतु यजमान गोंड आपल्या परधानाला धान्य देई तेव्हा तो किंगरी विकत घेत नसे, गाणाऱ्याचा वेळ मोकळा करत असे. त्या धर्तीवर कोणी तरी एखाद्या नोकरदाराचा दोन महिन्यांचा पगार भरून द्यावा आणि त्याला बिनपगारी रजा घेऊन हाती घेतलेले काम पुरे करू द्यावे. दोन महिन्यांत महाकाव्य होणार नाही, पण अर्धवट पडलेले एखादे टिपण पुरे होऊ शकेल. पगडींना असा दाता मिळाला असता तर त्यांनी अधिक लिहिले असते की नाही हे सांगता येणार नाही. मात्र त्यांच्याच पिढीतल्या, त्यांच्याइतक्या निग्रही नसलेल्या दहा-वीस अंमलदारांनी निदान एकेक पुस्तक लिहिले असते, आणि तेलंगणातल्या, मराठवाड्यातल्या कित्येक बोलींचे शब्द आज कोशांत असते.

ग्रंथालयाच्या सभासदाने स्वतःसाठी काय करावे, हाही प्रश्न उरतो. नोकरी सोडून रानात जाण्याची गरज नाही. ज्या कामात दिवस जातो त्याच कामात लिहिण्याजोगे, शोधण्याजोगे काही पडून असते. महसूल खात्यात गोंडी व्याकरण दडले होते, तसे ते प्रत्येक कामात असते. जिनिंगच्या गिरणीतल्या हिशेबनिसाला कापसाच्या प्रतवारीचे जे शब्द माहीत आहेत ते कोणत्याही प्राध्यापकाला माहीत नाहीत. दवाखान्यातल्या परिचारिकेला आजाऱ्यांच्या तोंडची दुखण्यांची जी नावे ऐकू येतात ती कोणत्याही शब्दकोशात नाहीत. ती टिपून ठेवायला कामाची गरज भागल्यानंतरची पंधरा मिनिटे लागतात आणि ती रोज त्याच वेळी, त्याच जागी लागतात. ती जागा घरात नसेल तर ग्रंथालयाने द्यावी.

शंभर वर्षांपूर्वी या दालनात पहिला दिवा लागला तेव्हा तो लावणाऱ्यांच्या खिशात फारसे काही नव्हते. त्यांच्यापाशी दिवसभराच्या कामानंतर उरलेली संध्याकाळ होती आणि तीच त्यांनी एकमेकांना दिली. दुसऱ्या शतकाच्या आरंभी वाचनदालनाच्या वेळांचा फलक नव्याने लिहिण्याचे काम कार्यकारी मंडळाने पहिल्याच बैठकीत हाती घ्यावे, एवढी विनंती करून हे व्याख्यान पुरे करणे उचित होईल.